मोनॉन बेल

मोनॉन बेल : अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातली डीपॉ आणि वाबॅश ही दोन छोटी कॉलेजं. त्यांची फुटबॉलमधली (अर्थात अमेरिकन फुटबॉल, हातात चेंडू घेऊन धावण्याचा) चुरस १८९० पासूनची. मोनॉन रेल्वेच्या इंजिनावरची ही सुमारे १३६ किलोची घंटा १९३२ पासून जिंकणाऱ्याकडे जाते. घंटेची एक बाजू वाबॅशच्या लाल रंगाची, दुसरी डीपॉच्या सोनेरी. ती पळवणं ही तिथली जुनी खोडी. १९६५ मध्ये वाबॅशच्या एका विद्यार्थ्याने मेक्सिकोहून आलेल्या पाहुण्याचं सोंग घेतलं, शिष्यवृत्तीचं गाजर दाखवलं आणि डीपॉच्या अधिकाऱ्यांकडूनच घंटेचा ठावठिकाणा काढून घेतला. मग घंटा लंपास! चाहत्यांच्या चेष्टेचा इतका देखणा नमुना मला दुसरा माहीत नाही.