चर्चगेट ते मालाड, स्लो लोकल: सिनेमाच्या मुंबईत काय उरलंय?

हा भाग तुम्ही वेस्टर्न लाइनच्या लोकलमध्ये उभे राहून ऐकत असाल, तर फारच छान. आज आपण त्याच लाइनवरून जाणार आहोत. नेहमीसारखं, ज्यांना वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना झालेले 'अं... म्हणजे...' काढून टाकलेत, बाकी सगळं तसंच.

झालं असं की मागच्या डिसेंबरात आमच्या बंगळूर ऑफिसमधले चौघे जण मुंबईत आले होते. रविवार मोकळा होता, त्यांना 'बॉलिवूड टूर' करायची होती आणि मी लोकल माणूस म्हणून सोबत. एसी बस, माइकवर गाइड. मन्नतचं गेट, जलसाचं गेट, मग एका स्टुडिओत पोलीस स्टेशनचा खोटा सेट आणि शेवटी सगळ्यांनी मिळून नाच. गाइड पोरगा मेहनती होता, हिंदी-इंग्रजी दोन्ही फर्डं बोलत होता. मजा आली, खोटं कशाला बोलू.

घरी आलो तर आजीने विचारलं, "काय काय दाखवलं रे?" मी यादी सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे लोकांच्या घरांची गेटं बघून आलात. मॅजेस्टिक दाखवलं का?"

आजी लग्न होऊन गिरगावातल्या चाळीत आली आणि पंचवीस वर्षं तिथे राहिली. तिच्यासाठी सिनेमा म्हणजे गिरगाव. आणि मला, बी.टेक. झालेल्या, जन्मापासून मुंबईत राहणाऱ्या माणसाला, मॅजेस्टिक म्हणजे पुस्तकं छापणारे एवढंच माहीत होतं. पुस्तकवाल्यांनी ते नाव शेजारच्या थिएटरवरून घेतलं हे तेव्हा कळलं. मग मी ठरवलं की आपली टूर आपणच आखायची. सलग चार रविवार फिरलो. पुढचं सगळं त्यातून आलंय.

पहिलं स्टेशन चर्चगेट. उतरून काळा घोड्याकडे चालत या. तिथे एस्प्लनेड मॅन्शन नावाची जुनी, खिळखिळी झालेली इमारत आहे. हे मूळचं वॉटसन्स हॉटेल. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून, जहाजाने आणून 1860 च्या दशकात इथे जोडलेला. म्हणजे त्या काळातलं फ्लॅटपॅक फर्निचर समजा. 7 जुलै 1896 ला ल्युमिएर बंधूंच्या माणसाने इथे भारतातला पहिला सिनेमा दाखवला. तिकीट एक रुपया. पॅरिसमध्ये पहिला जाहीर खेळ झाला होता 28 डिसेंबर 1895 ला, म्हणजे जेमतेम सहा महिन्यांत ही टेक्नॉलॉजी मुंबईत पोचली. आपले कितीतरी फोन अजूनही अमेरिकेनंतर इथे यायला वेळ लावतात!

त्या दिवशी सहा छोट्या फिल्म दाखवल्या. स्टेशनात येणारी गाडी, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार वगैरे. आणि त्यातली एक होती पाडकामाची: काही माणसं एक भिंत पाडतायत, बस्स. मुंबईने पडद्यावर पहिल्याच दिवशी काय पाहिलं, तर पाडकाम. 2019 मध्ये ही इमारत धोकादायक म्हणून रिकामी केली. आयआयटीच्या तज्ज्ञांनी पाडायची शिफारस केली, वारसा जपणाऱ्यांनी विरोध केला. मी समोरच्या फुटपाथवर वीस मिनिटं उभा होतो. लोक आर्ट गॅलरीत चालले होते, कॉफी प्यायला चालले होते. वर कुणी बघत नव्हतं.

पुढचा खेळ नॉव्हेल्टी थिएटरमध्ये हलला. तिथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत वेगवेगळी तिकिटं ठेवली आणि पडदानशीन बायकांसाठी वेगळे बॉक्स. म्हणजे आठवडा-दोन आठवड्यांत कुणाच्या तरी लक्षात आलं होतं की हा धंदा फक्त साहेबांच्या जिवावर चालणार नाही.

आता चर्नी रोड. इथे माझ्यासोबत आजी होती. गुडघे दुखतात म्हणून टॅक्सी केली, आणि तरी तिने मला निम्मं गिरगाव चालायला लावलं.

चौपाटीवर आधी एक गोष्ट सांगतो, कारण ती कुठल्याच टूरमध्ये नसते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी ल्युमिएरवाल्यांचा खेळ पाहिला आणि सरळ लंडनहून कॅमेरा मागवला. फाळक्यांच्या कितीतरी आधी. हँगिंग गार्डनमध्ये लावलेली कुस्ती त्यांनी चित्रित केली. आणि डिसेंबर 1901 मध्ये केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे परत आले, तेव्हा चौपाटीवर त्यांचं स्वागत झालं, तेही टिपलं. एका माणसाने गणितात पहिला नंबर काढला म्हणून शहर रस्त्यावर आलं आणि त्याची फिल्म झाली. भारतातली पहिली न्यूजरील म्हणतात तिला. आज एअरपोर्टवर बाहेर पडणाऱ्या स्टारमागे मोबाइल घेऊन पळतात ना, त्याचा हा पणजोबा. फक्त इथे स्टार गणिताचा होता.

मग आत गिरगावात, कोरोनेशन सिनेमॅटोग्राफ. 18 मे 1912 ला दादासाहेब तोरण्यांचा 'पुंडलिक' इथे लागला आणि 3 मे 1913 ला फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र'. पहिला कुठला यावर भांडण अजून चालू आहे. 'पुंडलिक' हे नाटकाचं चित्रीकरण होतं, कॅमेरा साहेबाच्या हातात होता आणि फिल्म धुतली लंडनला. 'हरिश्चंद्र' सगळा इथला. माझं मत फाळक्यांच्या बाजूने आहे, पण तोरण्यांचं नाव इतकं पुसलं जावं असंही नाही. ते मरेपर्यंत सिनेमातच काम करत राहिले असते तर काय, असा प्रश्न नको. 'पुंडलिक' केला तोच खूप झाला. असो. कोरोनेशन आज नाही. कुठे होतं ते दोन दुकानदारांना विचारलं, दोघांनी नुसती मान हलवली.

मॅजेस्टिक मात्र आजीने बरोबर दाखवलं. म्हणजे मॅजेस्टिक जिथे होतं ती जागा. आता तिथे शॉपिंग सेंटर आहे. 14 मार्च 1931 ला इथे 'आलम आरा' लागला, भारतातला पहिला बोलपट. इतकी गर्दी की पोलीस बोलवावे लागले, आणि चार आण्यांचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेलं. आजी त्यानंतरची, पण तिने याच थिएटरात मैत्रिणींबरोबर घरी न सांगता मॅटिनी पाहिल्यात. ती शॉपिंग सेंटरसमोर थांबली, हाताने हवेत रेघ मारून म्हणाली, "इथून रांग लागायची." मी त्या रिकाम्या हवेचा फोटो काढला. का काढला माहीत नाही.

ग्रँट रोडला उतरलात तर केनेडी ब्रिजच्या बाजूला अर्देशीर इराणींचा स्टुडिओ होता, नंतर ज्योती स्टुडिओ म्हणून ओळखला गेलेला. 'आलम आरा' तिथेच झाला. पंचाईत अशी की रूळ अगदी जवळ, आणि आवाज थेट शूटिंगच्या वेळीच रेकॉर्ड होणार. डबिंग नाही, नॉइज कॅन्सलेशन तर विसराच. मग उपाय काय? गाड्या बंद झाल्यावर, मध्यरात्रीनंतर शूटिंग. माइक कलाकारांच्या आसपास लपवून ठेवायचे. भारतीय सिनेमा बोलायला कधी लागला ते लोकलच्या टाइमटेबलने ठरवलं असं म्हणा हवं तर. आणि आता त्या सिनेमाची एकही प्रिंट जगात सापडत नाही. थिएटर गेलं ते एकवेळ समजू शकतं. सिनेमासुद्धा गेला.

मी बॅकअपचं काम करतो, त्यामुळे हे मला जास्त लागलं असेल. त्या काळची फिल्म नायट्रेटची, पेट्रोलसारखी पेट घेणारी. जी जळली नाही ती कुजली, आणि कित्येक रिळं आतली चांदी काढायला विकली गेली. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट झाले. त्यातले उरलेत तीसेक, तेही बरेचसे तुकड्यांत.

दादर पूर्वेला दादासाहेब फाळके रोड आहे. निदान नाव तरी आहे! हा पूर्वीचा दादर मेन रोड. इथल्या बंगल्यात 1912 मध्ये फाळक्यांनी घरातच स्टुडिओ थाटला. पैसा विम्याची पॉलिसी गहाण ठेवून. लंडनला जाऊन कॅमेरा आणला. मग सावकाराचा विश्वास बसावा म्हणून वाटाण्याचं रोप उगवताना दाखवणारी छोटी फिल्म केली, रोज थोडी थोडी. गुंतवणूकदाराला दाखवायचा डेमो म्हणतात तो हाच. कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडलेली नसायची, ती रात्री बसून सरस्वतीबाई पाडायच्या. शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, केमिकल कालवणं, उन्हात पांढरी चादर धरून उभं राहणं. आपण फाळक्यांना जनक म्हणतो. मग जननी कुठाय, असं आजीने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

तारामतीचं काम करायला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके तारामती झाले.

इथे जरा गणित करू. सुरतेत जाहिरात केली होती की सत्तावन्न हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि सगळं तीन आण्यांत. सिनेमा होता 3,700 फूट. 35 मिलिमीटरच्या एका फुटात 16 फ्रेम, म्हणजे 59,200. फोटोंचा आकडा खरा निघाला! पण 3,700 फूट म्हणजे मैलाचे फक्त सात-दशांश. दोन मैल ही शुद्ध मार्केटिंग. फाळके मला त्या दिवसापासून जास्तच आवडायला लागले.

शेवटचं मालाड. 1934 मध्ये हिमांशू राय आणि देविका राणी यांनी इथे बॉम्बे टॉकीज उभी केली. रीतसर शेअर काढलेली पब्लिक लिमिटेड कंपनी, जर्मनीहून आणलेले दिग्दर्शक आणि कॅमेरामन, स्वतःची लॅब. त्या लॅबमधला एक मुलगा धरून हिरो केला, तो अशोक कुमार. 'अछूत कन्या' 1936 चा, 'किस्मत' 1943 चा. दहा वर्षांनी सगळं बंद. महायुद्धात जर्मनांना नजरकैदेत टाकलं, राय गेले, आत दोन तट पडले. आणि पगारावर राहणारे कलाकार फ्रीलान्स झाले. निर्माता एका सिनेमापुरता येणार, जागा भाड्याने घेणार आणि जाणार. स्टुडिओकडे मग एकच गोष्ट शिल्लक राहते ज्याची किंमत दरवर्षी वाढते: जमीन. चेंबूरच्या आर.के.चंही तेच. 2017 मध्ये आग लागली, 2019 मध्ये बिल्डरला विकला. घरच्यांना दोष देणं सोपं आहे, पण तो हिशेब मीही तसाच केला असता.

बॉम्बे टॉकीजच्या कंपाउंडमध्ये आता छोटे वर्कशॉप आणि गोडाउन आहेत. एका लेथवाल्याने विचारलं, "कुणाला शोधताय?" मी म्हटलं, "देविका राणी." तो म्हणाला, "मागच्या गल्लीत बघा."

त्या बसवाल्या गाइडला मी मनात जरा हसलो होतो, ते आता मागे घेतो. पोरगा उभ्या असलेल्या गोष्टीच दाखवू शकतो. गेटं तरी जागेवर आहेत. पेडर रोडला गुलशन महालात सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, 2019 पासून. तिथे तरी जाऊन या.

बंगळूरचे चौघे जानेवारीत परत येतायत. या वेळी चर्चगेटला नऊ वाजता भेटायचं ठरलंय. आजी चर्नी रोडला येणार आहे, टॅक्सीने, आणि मॅजेस्टिकचा भाग तीच सांगणार, इंग्रजी मी करायचं. तुमच्या घरात कुणी कोरोनेशन नेमकं कुठे होतं ते सांगू शकत असेल तर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या भागात लावतो. तोवर काळजी घ्या.