गुडघ्याखालची उशी

मी वैद्य नव्हे, इतिहास शिकवणारा मास्तर. पण उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मध्ये सकाळी म्हातारी माणसे जिथे बसतात, तिथे राजकारणापेक्षा गुडघ्यांचीच चर्चा अधिक चालते. दिवस कसाही निभतो. रात्री पाय ठेवायचा कसा, हा खरा प्रश्न. त्यावर जो तो सांगतो, गुडघ्याखाली उशी घ्या. या उशीला इतिहास आहे.

आमची वस्ती म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. १९४७ नंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे इथल्या बरॅकींत राहिली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गावाला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या वेळी आईच्या कडेवर आलेली मुले आज पंचाहत्तरीच्या पलीकडे गेली आहेत. त्यांच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजली, यात नवल ते काय?

दुखणे मात्र फार जुने आहे. चरकसंहितेत संधिगत वाताचे वर्णन येते: सांधा हाताला हवा भरलेल्या चामडी पिशवीसारखा लागतो, आणि पसरताना-आखडताना दुखतो. सुश्रुताने तर सुजलेल्या गुडघ्याला कोल्ह्याच्या डोक्याची उपमा दिली. वरती सुजलेला गुडघा, खाली वाळलेली पोटरी. ज्याने पाहिले त्याला उपमा पटेल.

पण दुखरा गुडघा आपण होऊन वाकतो का? याचे उत्तर फ्रान्समधल्या लियाँ शहरच्या बोने नावाच्या शस्त्रवैद्याने शोधले. त्याने मृतदेहांच्या सांध्यांत जोराने पाणी भरून पाहिले. पाणी भरत गेले तसा गुडघा आपोआप थोडा वाकला, कारण त्या स्थितीत सांध्यात सर्वांत जास्त जागा असते. हे त्याने १८४५ च्या ग्रंथात मांडले. म्हणजे आजीबाई गुडघ्याखाली गोधडीची घडी सारतात ती काही खुळी समजूत नव्हे. सुजलेल्या सांध्यातला ताण त्याने खरोखरच हलका होतो.

मग तोटा कुठे? गुडघा रात्रभर, महिनोन्‌महिने वाकलेलाच राहिला, की मागचे स्नायू व बंध आखडतात आणि पाय पुरता सरळ होत नाही. वाकल्या गुडघ्याने चालायचे तर मांडीला दुप्पट राबावे लागते, आणि दुखणे वाढते. लिव्हरपूलचा ह्यू ओवेन थॉमस याने १८७५ मध्ये सांध्याच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. दुखरा सांधा पट्टीत सरळ बांधून त्याला पूर्ण विश्रांती द्यावी, हे त्याचे मत. क्षयाने पोखरलेल्या सांध्याला ते ठीक होते; झिजेच्या गुडघ्याला मात्र आज डॉक्टर हालचाल करायला सांगतात. बांधून ठेवलेला पाय दुबळा होतो.

तेव्हा उशी घ्यावी, पण जाड नको, आणि रात्रभर तर नकोच. दुखणे ओसरले की काढून पाय सरळ करावा. कुशीवर झोपणाऱ्याने दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवावी, म्हणजे वरचा पाय ओढला जात नाही. मात्र एकाच कुशीवर रात्र काढू नये. सकाळी अंथरुणातच पाच-दहा वेळा गुडघा वाकवावा, सरळ करावा, मांडी आवळून सोडावी, मगच उठावे. आणि जमिनीवरचे अंथरूण? सवयीचे असले तरी तिथून उठताना गुडघ्यावर जो भार येतो, तो वाईट. साधी खाट, बसल्यावर पाय जमिनीला टेकतील एवढ्या उंचीची, महागड्या गादीपेक्षा उपयोगी.

गुडघा एकाएकी लाल, गरम झाला आणि ताप आला, तर उशीचा विचार सोडा. ती झीज नसून सांध्यात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी इस्पितळ गाठा. कॅम्प ३ च्या लोकांना सेंट्रल हॉस्पिटल जवळ आहे.