राजा गेला, शिक्का राहिला

लग्नसराई आली की आमच्या करडीकडे घरातले जुने चांदीचे डाग मोडीसाठी सराफाकडे निघतात. त्यात कधीकधी एखादा जाडजूड, ओबडधोबड रुपया किंवा लहानशी पावली असते. फारसी अक्षरे दिसली की लोक "मोगलाई असेल" म्हणतात आणि वजनावर देऊन मोकळे होतात.

आता बघा, भंडारा १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. यातली बरीच नाणी त्यांचीच. पण त्यांच्यावर नाव दिल्लीच्या अहमदशहाचे! हा बादशहा १७५४ मध्येच पदच्युत झाला. टांकसाळीचे नाव कटक, कारण १७५१ मध्ये रघूजींच्या हाती ओरिसा आला होता. १८०३ च्या देवगावच्या तहात कटक गेले, तरी शिक्का तोच चालू राहिला.

असे का? व्यवहार चालतो ओळखीवर. शिक्का अनोळखी दिसला की सराफ बट्टा कापणार. त्यापेक्षा जुने नाव बरे.

युरोपातही हेच झाले. ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा १७८० मध्ये वारली. तिचा अठ्ठावीस ग्रॅमचा थालर अरबस्तान आणि इथिओपियाच्या बाजारात इतका मुरला होता की पुढे तो १७८० हेच साल घालून पाडत राहिले. १९४० च्या सुमारास तर आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडला! मात्र तिकडची लहान चांदीची नाणी, म्हणजे थालरला सहा येणारी वीस क्रॉयझरची, घरच्याच बाजारातली. राजा बदलला की त्यांच्यावरचा चेहरा सहसा बदले. म्हणून तिकडच्या संग्राहकाला लहान नाण्यावरून काळाचा बराच अंदाज करता येतो.

आपल्या पावलीचे तसे नाही. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे मजकूर अर्धाच उमटतो. जो उमटतो त्यातला राजा गेलेला, गाव गेलेले. मग भरवसा कशाचा? बारीक खुणांचा, वजनाचा, आणि ते नाणे कोणाच्या घरी, कुठल्या गावी होते याचा. ही शेवटची गोष्ट नाण्यावर कोरलेली नसते. ती फक्त घरातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असते.

तेव्हा नातेवाइकांना एकच विनंती. चिंच-राख लावून नाणे घासू नका. कागदात गुंडाळा आणि कोणाकडून आले ते चिठ्ठीवर लिहून आत ठेवा. जमिनीत सापडले असेल तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, हेही ध्यानात असू द्या. मोडीत चांदीचा भाव मिळेल, पण ती चिठ्ठी परत लिहिता येणार नाही.

असो. तुमच्याकडे अशी पावली असेल तर जरूर कळवा.