अश्लीलतेचा कायदा आणि गार्डन रीच

१८५६ ह्या एकाच वर्षी कंपनी सरकारने दोन निर्णय अमलात आणले. अश्लील पुस्तके व चित्रे ह्यांच्या विक्रीस आणि प्रदर्शनास मनाई करणारा कायदा हा त्या वर्षाचा पहिला कायदा होय. आणि फेब्रुवारीत अवधचे राज्य खालसा करण्यात आले. पदच्युत बादशहा वाजिद अली शाह मे महिन्यात कलकत्त्यास पोहोचला. उठावाच्या काळातील फोर्ट विल्यममधील नजरकैद सोडली, तर १८८७ साली मृत्यू येईपर्यंत तो हुगळीकाठच्या गार्डन रीच येथे, मटियाबुर्ज भागात राहिला. ह्या दोन निर्णयांत कार्यकारणसंबंध नाही. भूमिका मात्र एकच आहे. प्रजेने काय वाचावे आणि राजाने कसे जगावे, ह्या दोहोंचा न्याय आपणच करावयाचा, असे सरकारने गृहीत धरले होते. अवधच्या राज्यकारभाराविरुद्धच्या तक्रारींत बादशहाच्या विलासाचा पाढा वाचलेला आहे, तो ह्याच भूमिकेतून.

त्या विलासाचा एक लेखी पुरावा खुद्द बादशहानेच ठेवला होता. ‘इश्कनामा’ ह्या आपल्या ग्रंथात त्याने तारुण्यातील प्रणयांची हकीकत सांगितली आहे. त्याची एक सचित्र प्रत आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात विंडसर येथे आहे. प्रजेच्या हाती अशी पुस्तके पडू नयेत म्हणून कायदा करणाऱ्या सत्तेच्या छत्राखालीच ह्या ग्रंथाला वारशाचा मान मिळाला, हा विरोधाभास केवळ ढोंगाचा नाही. अश्लीलता वस्तूत नसून ती कोणाच्या हाती आहे ह्यावर अवलंबून असते, हा त्या कायद्याच्या पोटातील सिद्धान्त होता. १८६८ मध्ये हिक्लिन खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयाने तोच शब्दांत मांडला. ज्यांचे मन अशा प्रभावास वश होण्याजोगे आहे त्यांना बिघडविण्याची प्रवृत्ती, ही अश्लीलतेची कसोटी ठरली.

ह्या कसोटीने बंगालमध्ये काय साधले? उत्तर कलकत्त्यातील बटतल्याच्या छापखान्यांतून निघणारा स्वस्त वाङ्मयाचा ओघ थांबला नाही. पहिल्या कायद्यानंतर सतरा वर्षांनी, दंडसंहितेतील कलम हाताशी असूनही, १८७३ मध्ये अश्लीलता-निवारणासाठी कलकत्त्यात स्वतंत्र सभा स्थापावी लागली. तीत कायद्याच्या अपयशाची कबुलीच आहे.

पुढील शतकात ह्या कलमाच्या जाळ्यात सापडले ते बहुधा ज्यांची नावे पुस्तकावर उघड छापलेली होती तेच. महाराष्ट्रात र. धों. कर्वे ह्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर खटले झाले, १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी कर्वे ह्यांना दंड झालाच. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’लाही न्यायालयाची पायरी चढावी लागली. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने हिक्लिनचीच कसोटी लावून, लॉरेन्सची ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ ही कादंबरी विकणाऱ्या मुंबईच्या विक्रेत्याची शिक्षा कायम केली. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातील ‘श्यामा’ ह्या कथेसाठी चंद्रकांत काकोडकरांना १९६९ पर्यंत, तर १९६७ च्या ‘प्रजापति’ ह्या बंगाली कादंबरीसाठी समरेश बसूंना १९८५ पर्यंत निर्दोष ठरण्याची वाट पाहावी लागली. गार्डन रीचपासून फारशा दूर नसलेल्या अलीपूरच्या न्यायालयात एका छायाचित्रावरून सुरू झालेले प्रकरण २०१४ साली सर्वोच्च न्यायालयात संपले, तेव्हा कोठे हिक्लिनची कसोटी टाकून समकालीन समाजाचे मानदंड पाहण्याचे ठरले. लेखक झिजले, निनावी व्यापार चालूच राहिला. २०१५ मध्ये ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश निघाला आणि थोड्याच दिवसांत त्यातील बहुतेक भाग मागे घ्यावा लागला.

परंतु ह्यावरून कायदा सर्वथा निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. मटियाबुर्जच्या इतिहासाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ‘इश्कनाम्या’त स्त्रिया पुष्कळ आहेत, बोलतो मात्र एकटा बादशहा. त्यांची संमती, त्यांचा नकार, त्यांचे पुढे काय झाले, ह्यांबद्दल आपल्याला जे कळते ते त्याच्याच लेखणीतून. अश्लीलतेचा कायदाही त्यांच्याविषयी काही विचारत नव्हता. त्याची सारी चिंता वाचकाच्या मनाची होती. ह्याच विस्थापित राजघराण्यातील मिर्झा कमर कद्र ह्याच्याविरुद्ध लुद्दन साहिबा ह्या मुता-पत्नीने निर्वाहाची मागणी केली, तेव्हा १८८२ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने निराळा प्रश्न विचारला. शिया धर्मशास्त्राप्रमाणे मुता-पत्नीस निर्वाहाचा हक्क नसला, तरी फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याने दिलेला हक्क त्यामुळे नष्ट होत नाही, असा निर्णय त्याने दिला. तेथे कोणाच्याही रुचीचा न्याय झाला नाही. एका व्यक्तीच्या हक्काचा झाला.

कायद्याच्या सामर्थ्याची आणि मर्यादेची रेषा येथेच दिसते. २०१२ च्या बालक-संरक्षण कायद्याने आणि २०१३ साली दंडसंहितेत आलेल्या, स्त्रीच्या खाजगी क्षणांचे चोरून चित्रण करण्याविरुद्धच्या कलमाने प्रश्न बदलला: पाहणाऱ्याचे काय बिघडते, हा नव्हे, तर जिचे वा ज्याचे चित्र आहे तिच्यावर वा त्याच्यावर काय गुदरले, हा. २०२४ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बालकांच्या अशा चित्रणास निव्वळ अश्लील साहित्य न म्हणता शोषणाचे साहित्य म्हणावे असे सुचविले; ते शब्दांचे सोवळे नसून दृष्टीचे परिवर्तन आहे. अशा कायद्याची अंमलबजावणी सोपी नाही; परंतु कोणाचे नुकसान झाले, ते येथे दाखविता तरी येते. रुचीच्या खटल्यात ते दाखविता येत नाही, आणि म्हणूनच न्यायाधीशाला आपल्याच अभिरुचीचा आधार घ्यावा लागतो.

अभिरुचीचे नियमन समीक्षेने करावे, शिक्षणाने करावे, वाचकाने स्वतः करावे. मटियाबुर्जच्या दरबारात ठुमरी आणि कथक ह्यांना आश्रय मिळाला; ज्या नाच-गाण्याने राज्य गमावण्यास निमित्त पुरविले, त्याला आज देश अभिजात कला म्हणून ओळखतो. हा बदल कोणत्याही कलमाने घडविलेला नाही. ‘इश्कनाम्या’तील स्त्रियांना मात्र त्यांचा न्याय कोणत्याही अभिरुचीने मिळाला नसता, तेथे कायदाच हवा होता, आणि नेमका तेथेच तो मूक राहिला.