खरखर, घरघर आणि पिंपरीचं औषध

मराठीत आजारी छातीसाठी शब्दांची कमी नाही. छाती भरते, घरघरते, खरखरते, धाप लागते. डॉक्टरांना मात्र हे आवाज नीट वेगळे काढायला १८१६ साल उजाडावं लागलं.

त्या वर्षी पॅरिसच्या नेकर हॉस्पिटलमध्ये रेने लेनेक या डॉक्टरसमोर एक तरुण स्त्री होती. हृदयविकाराची शंका होती, पण तिच्या छातीला थेट कान लावणं त्याला अवघड वाटलं. त्याने कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवलं, दुसरं स्वतःच्या कानाशी. आवाज स्पष्ट आला. पुढे सुरळीची लाकडी नळी झाली, तोच पहिला स्टेथोस्कोप.

नळीपेक्षा मला पुढची तीन वर्षं मोठी वाटतात. लेनेक ऐकलेलं नोंदवायचा आणि रुग्ण दगावला तर शवविच्छेदनात फुप्फुस पाहून ते पडताळायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर आधी लॉग वाचायचा, मग कोड उघडून बघायचा. १८१९ साली त्याचं पुस्तक आलं.

न्यूमोनियातल्या बारीक आवाजाला त्याने तापत्या भांड्यात तडतडणाऱ्या मिठाची उपमा दिली. तुम्हाला ऐकायचाय? कानाजवळ केसांची बट दोन बोटांत धरून चोळा. बंद पडलेल्या बारीक श्वासनलिका श्वास घेताना पटापट उघडतात, म्हणून ही तडतड. दम्यातली घरघर वेगळी, तिथे अरुंद नळीच्या भिंती हवेने थरथरतात.

या आवाजांना लेनेकने फ्रेंचमध्ये 'राल' म्हटलं. पण लोकांच्या कानी तो मरणघरघरीचा शब्द होता. म्हणून रुग्णासमोर तो लॅटिन 'राँकस' वापरायचा. भाषांतरांत या दोन शब्दांचा असा गोंधळ झाला, की तो निस्तरायला १९७०चं दशक यावं लागलं.

ऐकू आलं म्हणजे बरं करता आलं, असं मात्र नव्हतं. लेनेकच्या नात्यातल्या तरुण डॉक्टरने, मेरियादेकने, त्याच नळीने त्याची छाती ऐकली. क्षय होता. १८२६ मध्ये, ४५व्या वर्षी लेनेक गेला.

साठ वर्षांनंतरही चित्र तेच. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला निघाल्या, त्याच्या आदल्याच वर्षी रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधला होता. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात क्षयानेच गेल्या, वय अवघं २१. जंतू माहीत होता, छाती ऐकण्याचं शास्त्र होतं, औषध नव्हतं. क्षयावर चालणारं स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ उजाडलं.

पुढचा भाग आमच्या शेजारी घडला. मी मोशीत राहतो. आम्ही 'एचए' म्हणतो ती पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने उभी राहिली. १९५५ पासून तिथे पेनिसिलिन बनू लागलं, १९६०च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिनही. लेनेकला आणि आनंदीबाईंना जे मिळालं नाही, ते आनंदीबाई जिथे गेल्या त्या पुण्याच्या वेशीवर तयार होऊ लागलं. माझ्या पिढीला 'एचए' हा फक्त रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता वाटतो, याचं वाईट वाटतं.

आता ऐकायचं काम सॉफ्टवेअरकडे येतंय. त्यासाठी बरंच वापरलं जाणारं २०१७चं एक खुलं संकलन आहे: १२६ माणसं, ९२० रेकॉर्डिंग, सगळी पोर्तुगाल आणि ग्रीसमधली. कुठल्या आवाजाला तडतड म्हणायचं आणि कुठल्याला घरघर, हे त्यातही माणसांनीच कान देऊन ठरवलंय. मॉडेल शिकतं ते त्यांच्या कानांवरून.

चाकणच्या धुळीत आठ तास उभं राहणारी छाती त्यात नाही. ती आपल्यालाच रेकॉर्ड करावी लागेल आणि लेनेकसारखं प्रत्येक आवाजामागे काय निघालं, तेही लिहून ठेवावं लागेल.