विम संपादकाची पूरक संरचना

विम या मजकूर-संपादकाच्या मूळ आज्ञावलीस हात न लावता त्याचे वर्तन बदलणाऱ्या फाइलींच्या संचास पूरक संरचना म्हणतात. कळफलकाचे तक्ते, रंगयोजना, शुद्धलेखन-तपासणीचे शब्दसंग्रह आणि प्लगइन यांचा तीत समावेश होतो. लिनक्स, मॅकओएस आणि विंडोज या तिन्ही प्रणालींवर एकच संरचना वापरता येते. मात्र फाइलींची नावे व जागा भिन्न असल्याने स्थापनेत चुका होतात.

पार्श्वभूमी

बिल जॉय यांच्या १९७६ मधील व्हीआय या संपादकाच्या धर्तीवर ब्राम मूलेनार या डच संगणकतज्ज्ञांनी विम विकसित केला. तो १९९१ साली अमिगा संगणकासाठी प्रथम प्रसिद्ध झाला. सातव्या आवृत्तीत (२००६) शुद्धलेखन-तपासणी आली, तर आठव्या आवृत्तीपासून (२०१६) 'पॅक' नावाच्या फोल्डरात ठेवलेली प्लगइन आपोआप कार्यान्वित करण्याची सोय झाली. त्याआधी त्यासाठी वेगळा व्यवस्थापक लागे. स्टीव्ह फ्रान्सिया यांची 'एसपीएफ१३-विम' ही तयार संरचना वुंडल नावाच्या अशाच व्यवस्थापकावर आधारलेली होती.

स्थापना

लिनक्स व मॅकओएसवर मुख्य फाइलीचे नाव 'विमआरसी' असून त्याआधी टिंब असते. तिच्या सोबतचे फोल्डर टिंबासह 'विम' या नावाचे असते. विंडोजवर टिंबाऐवजी अधोरेखा देण्याचा प्रघात आहे आणि फोल्डरास 'विमफाइल्स' म्हणतात. दोन्ही गोष्टी सहसा वापरकर्त्याच्या मुख्य फोल्डरात ठेवतात. टिंबाने आरंभ होणाऱ्या फाइली लिनक्सवर एरवी दृष्टीस पडत नाहीत, त्यामुळे जुनी फाइल अस्तित्वात नाही असे समजून नवी तिच्यावर लिहिली जाते व वर्षानुवर्षे जमवलेली मांडणी नष्ट होते. जुन्या फाइलीचे नाव आधी बदलून ठेवणे हाच त्यावरचा उपाय. महाजालावरून उतरवून घेतलेली स्थापना-आज्ञावली न वाचता चालवणेही धोक्याचे असते, कारण तिला वापरकर्त्याचे सर्व अधिकार मिळतात.

विंडोजवर तयार केलेल्या फाइलीत ओळीच्या शेवटी एक अधिकचे चिन्ह असते. अशी फाइल लिनक्सवर नेल्यास विम जवळजवळ प्रत्येक ओळीवर चूक दाखवतो. युनिक्स पद्धतीने जतन केलेली फाइल मात्र तिन्हीकडे चालते.

देवनागरीसाठी संरचना

विंडोजवरील जुन्या आवृत्त्या प्रणालीचे संकेतन स्वीकारत. अशा वेळी चिकटवलेल्या मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे उमटू शकतात आणि फाइल जतन केल्यास तीच कायम होतात. म्हणून यूटीएफ-८ संकेतनाची ओळ संरचनेच्या आरंभीच असावी.

मराठी लेखकाची खरी अडचण पुढे येते. विममध्ये सामान्य अवस्थेत एच, जे, के, एल या कळांनी अनुक्रमे डावीकडे, खाली, वर, उजवीकडे जाता येते. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या मानकात समाविष्ट असलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर याच कळा प, र, क, त अशा आहेत. साहजिकच प्रणालीचा कळफलक मराठीत असताना या आज्ञा विमला कळत नाहीत आणि लेखकाला दर परिच्छेदाला कळफलक बदलत बसावे लागते. यावर विमचा स्वतःचा 'कीमॅप' उपयोगी पडतो. तो लेखन-अवस्थेत लागू होतो, आज्ञांच्या कळांना लागू होत नाही. त्याची फाइल दोन स्तंभांची असते: डावीकडे कळ, उजवीकडे अक्षर. एच, एफ, शिफ्टसह एम, ए, जे या क्रमाने 'पिशोर' हे गावाचे नाव उमटते. लेखन-अवस्थेत कंट्रोल व सहाच्या कळेवरील घातचिन्ह दाबून मराठी-इंग्रजी असा पालट करता येतो.

केवळ हिंदीसाठी बनवलेला तक्ता घेतल्यास त्यात ॲ व ऱ आहेत की नाहीत हे पाहून घ्यावे. ऱ नसल्यास 'दऱ्या' आणि 'दर्या' हा भेद लिहिताच येत नाही. विम अक्षरांना ठरावीक रुंदीच्या चौकटी देत असल्याने जोडाक्षरे पडद्यावर विस्कटलेली दिसू शकतात. फाइलीतील मजकूर त्याने बिघडत नाही.

शुद्धलेखन-तपासणीसाठी हनस्पेल स्वरूपातील मराठी शब्दसंग्रह व प्रत्ययांची फाइल घेऊन विमच्या 'मेकस्पेल' आज्ञेने विमच्या स्वरूपातील फाइल तयार करतात. ती 'स्पेल' फोल्डरात ठेवावी लागते. एका प्रणालीवर तयार केलेली ही फाइल दुसऱ्या प्रणालीवर तशीच चालते.