नळात गेलेली नदी

१८६० साली विहार तलाव पूर्ण झाला आणि मिठी नदीच्या उगमाकडचं पाणी नळांतून मुंबई बेटावर आलं. गिरगावाकडे नळ पोचले. नदीच्या वाट्याला उरला पावसाळ्यातला ओव्हरफ्लो आणि पुढे आपलंच सांडपाणी. (वर तिला नाला म्हणायला आपण मोकळे!) २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुठे ती नदी असल्याचं आठवलं. मग पात्र रुंद-खोल केलं, काठाला काँक्रीटच्या भिंती बांधल्या. पाणी वाहील हो, पण भिंतीत खेकडा बीळ कुठे करणार? मला खरी दुरुस्ती दिसते ती दादरहून जवळच, धारावीलगत. जुन्या कचराभूमीवर झाडं लावून उभारलेलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान १९९४ला खुलं झालं. तिथे मिठीच्या काठाला तिवरं आहेत. ओहोटीला चिखलात बगळे उतरतात.